पाण्याचा सातबारा

जुलै महिन्यात नालासोपारा पाण्याखाली असतो आणि मे महिन्यात पाण्यामागं धावत असतो. जुलैत तुळिंज-आचोळ्याची माणसं पँटी गुडघ्यावर दुमडून स्टेशन गाठतात. मेमध्ये त्यांच्याच आयाबहिणी हंडे घेऊन टँकरच्या पाइपाला झोंबतात. माती तीच, आभाळ तेच, महापालिका तीच. वर्षाला दोनेक हजार मिलिमीटर पाऊस ज्या तालुक्यावर कोसळतो तिथं पाणी विकत घ्यावं लागतं. ह्याला कुणी निसर्गाचा कोप म्हणत असेल तर तो एकतर येडा आहे, नाहीतर बिल्डर.

हा अंक तळ्यांवर, तिवरांवर, मिठागरांवर काढायचा म्हटल्यावर काही दोस्तांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, 'आता तुम्हीपण झाडं लावायला निघालात का? पर्यावरण हा भरल्या पोटाचा धंदा आहे. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांचा. आपला सवाल जातीचा, भाकरीचा, घराचा.' ह्या दोस्तांचा राग आम्हाला कळतो. झाडाचं नाव घेऊन झोपड्या पाडलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पण राग खरा असला म्हणून त्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही.

पाणी कुठं साचणार आणि कुठं साचणार नाही हे ठरवणं, ह्याचंच नाव नगररचना. आणि ह्या देशातली सगळ्यात जुनी नगररचना महारवाड्याची आहे. वस्ती कुठल्या अंगाला, विहीर कुणाची, ओढ्यावर वरच्या बाजूला कोण भरणार आणि खालच्या बाजूला कोण, मेलेलं ढोर कुठल्या वाटेनं न्यायचं, हे सगळं मनूच्या इंजिनियरांनी आखून ठेवलेलं होतं. आजच्या आखणी करणाऱ्याच्या पुढ्यात कॉम्प्युटर आहे एवढाच फरक. उंचावरची, कोरडी, रुंद रस्त्याची जागा पैसेवाल्याला. सखल, दलदलीची, नाल्याकाठची जागा आपल्याला. गावकुसाबाहेरचा माणूस शहरात आला आणि पाणीरेषेखाली गेला. म्हणून पाण्याचा सवाल जातीचा सवाल आहे. हे ज्याला पटत नाही त्यानं कुठल्याही पावसाळ्यात संतोष भुवनापासून धानीवबागेपर्यंत एक चक्कर मारावी आणि कंबरभर पाण्यात उभ्या माणसांची आडनावं विचारावीत.

आता वसईचा नकाशा नीट बघा. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावरचं पाणी उतरून पश्चिमेला आणि दोन्ही खाड्यांकडं जाणार, हा त्याचा जन्माचा रस्ता. वाटेत सखल खाजणं होती, मिठागरं होती, भातखाचरं होती, तळी होती. पाणी तिथं पसरायचं, थांबायचं, ओहोटी लागली की निघून जायचं. १८६० च्या दशकात इंग्रजांनी ह्या वाटेवर रेल्वेचा भराव घातला. डोंगराचं सगळं पाणी मोजक्या मोऱ्यांच्या तोंडातून जायला लागलं. पुढं महामार्ग आला, त्याचा भराव. मग चाळी आल्या, टॉवर आले, गोडाऊन आले. ज्याचा त्याचा भराव. पाण्याची जागा पाण्याला न विचारता विकली गेली. पाण्याच्या नावावर सातबारा नसतो ना!

आम्ही गोदीत राबणारी पोरं. भरती-ओहोटी आम्हाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. इंदिरा गोदीचा दरवाजा उघडतो, जहाज आत येतं, दरवाजा मिटतो. मग बाहेर समुद्र कितीही खाली जावो, आतलं पाणी आत राहतं, जहाज तरंगत राहतं आणि आमची पाठ वाकत राहते. शहराच्या सखल भागाचं गणित हेच, फक्त उलटं. बाहेर उधाणाची भरती आणि वर मुसळधार पाऊस एका वेळी आले की नाल्याचं तोंड खाडीच्या पाण्याखाली जातं. नाला कितीही रुंद करा, कितीही सिमेंट ओता. भरतीत तो रिकामा होणार नाही. उलट खाडीच आत घुसते. साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते. तेवढे तास ह्या पाण्यानं कुठं थांबायचं? थांबायला जागा असली तर ते तिथं थांबतं. नसली तर तुमच्या घरात, खाटेवर, मीटरच्या पेटीत येऊन थांबतं.

थांबायची ही जागा म्हणजे खाजण, मिठागर, तळं, तिवराचं रान. तिवराची मुळं गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. आजकाल परिषदांमधून 'निसर्गाधारित उपाय' असा शब्द फिरतोय. २०२२ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेनं नैरोबीत त्याची व्याख्यासुद्धा ठरवली. शब्द जड आहे, मतलब सोपा आहे: पाण्याला पाण्याची जागा द्या, ते तुमच्या घरात येणार नाही. हे ज्ञान विमानातून उतरलेलं नाही. ह्या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळ्यांनी खाजणाला बांध घातले, बांधाला उघाडी ठेवली. ओहोटीला उघाडी उघडायची, भरतीला मिटायची. वसईच्या पश्चिम पट्ट्यात घरामागं बावखल असायचं. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, जमिनीत मुरायचं, विहिरीला गोडवा यायचा, खारं पाणी लांब राहायचं. कुठल्या आयआयटीत शिकली होती ही माणसं?

आयआयटीनंही शेवटी हेच सांगितलं. १० जुलै २०१८ आठवा. वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली, गाड्या जागच्या जागी, लांब पल्ल्याच्या गाडीतली माणसं काढायला आपत्ती दलाच्या होड्या, वसई पूर्वेच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसं पाण्यानं वेढलेली. त्यानंतर महापालिकेनं 'नीरी' आणि मुंबई आयआयटीच्या तज्ज्ञांची समिती नेमली. समितीनं सुचवलेल्या उपायांतला मोठा उपाय कोणता? धारण तलाव. म्हणजे पुराचं पाणी काही काळ धरून ठेवणारी मोठी तळी. भराव घालून आधी जी जागा बुजवली, तीच आता कोट्यवधी रुपये खर्चून पुन्हा खणायची. अडाणी कोण, सांगा.

कागद ह्या देशात कधीच कमी पडले नाहीत. १७ सप्टेंबर २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की तिवरांची कत्तल म्हणजे माणसाच्या जगण्याच्या हक्कावर, संविधानाच्या कलम २१ वर घाला. जोरदार निकाल. मग ९ डिसेंबर २०२२ ला त्याच न्यायालयानं बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार तिवरं तोडायला परवानगी दिली. लोकहिताचं काम म्हणून. कुठल्या लोकांचं हित? विरार लोकलच्या दरवाजात लटकणाऱ्यांचं? केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत मिठागरं पाणथळ धरलेली नाहीत, कारण ती माणसानं केली. भातखाचरंही नाहीत. म्हणजे पाणी जिथं थांबतं ती जागा, पण कायदा म्हणतो ती पाण्याची नव्हे. असे कायदे शाईनं लिहितात की भरावाच्या मातीनं?

कागदाचा हा खेळ आपल्याला नवा नाही. १९२३ ला मुंबईच्या कायदे मंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं. पाण्याला हात मात्र लागला २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारो माणसं तळ्यावर चालत गेली तेव्हा. धोरण आणि पाणी ह्यांच्यामधलं अंतर चालूनच कापावं लागतं.

बाबासाहेबांचं पाण्याबद्दलचं आणखी एक काम आपल्या सभांमधून फार येत नाही. १९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते आणि पाटबंधारे-वीज त्यांच्याकडं होती. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या पुरांवर परिषद भरली. तोवरच्या इंजिनियरांची रीत अशी की पूर म्हणजे संकट, लवकरात लवकर समुद्रात ढकला. बाबासाहेबांनी तिथं उलटा विचार मांडला. पाणी ही संपत्ती आहे, माणसाला पाणी जास्त झाल्यानं जेवढं दुःख होतं त्याहून जास्त ते कमी पडल्यानं होतं, म्हणून पुराचं पाणी हाकलू नका, राखा आणि वापरा, असा त्या मांडणीचा अर्थ. त्यांच्यापुढं मोठी धरणं होती, हेही खरं. आज धरणांचा हिशेब आपण वेगळा मांडू, कारण धरणाखाली जमीन आदिवासींची जाते आणि नळ शहराला लागतो. आज वसई-विरारला येणारं सूर्याचं पाणीही आदिवासी मुलखातनंच येतं. पण पाणी हाकलायचं नाही, राखायचं, हे सूत्र आजच्या नगररचनेला जसंच्या तसं लागू आहे. जुलैचं पाणी तळ्यात आणि जमिनीत उतरलं तर मेच्या टँकरचा धंदा बसेल. म्हणूनच ते उतरू दिलं जात नाही.

हे लढणारे पहिले आपण नाही. १९८८ च्या सुमाराला सरकारनं वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा करायचा घाट घातला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीनं लोक रस्त्यावर आणले, टँकर लॉबीशी, गुंडांशी टक्कर घेतली. फादर २०२४ ला गेले. त्या लढ्याला आमचा सलाम. त्याच्याच जोरावर पश्चिमेला थोडीफार हिरवळ आज शिल्लक आहे. पण तो लढा मुख्यतः वाडीवाल्याचा, जमीनवाल्याचा होता. पूर्वेला दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला त्यात जागा नव्हती. पश्चिमेची बावखलं वाचवणं आणि पूर्वेच्या चाळी बुडण्यापासून वाचवणं ही एकच लढाई आहे, कारण पाणी एकच आहे.

आता धोक्याचं बोलू. 'निसर्गाधारित' हा शब्द बुलडोझरच्या टपावर बसून येऊ शकतो. २०१५ च्या पुरानंतर चेन्नईत कुवम आणि अड्यार नद्या मोकळ्या करायच्या म्हणून काठावरच्या झोपड्या उठवल्या. त्यांत आपलीच माणसं जास्त. त्यांना नेऊन टाकलं पेरुंबाक्कमसारख्या वसाहतीत, आणि ती वसाहत कुठं? पळ्ळिकरणैच्या दलदलीच्या काठाला. नदीकाठचं पाणी चुकवायला माणसं दलदलीत बुडवली! लांब कशाला जाता? २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्विकासासाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन द्यायचा निर्णय झाला. धारावीत जे 'अपात्र' ठरतील त्यांची घरं तिथं. म्हणजे मोक्याची धारावी भांडवलदाराला, पाण्याची जागा आपल्याला. पाणी आलं की पुन्हा आपणच अतिक्रमणवाले. नदीचे शत्रू आपण, तिवराचे खुनी आपण!

तिवर कोण मारतं हे वसई-विरारच्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. रात्री डंपर येतात. राडारोडा पडतो. दोन पावसाळ्यांत जागा सपाट. मग पत्र्याच्या खोल्या, मग चार मजले. खोटे कागद, खरी पावती. आपला माणूस गावाकडचा तुकडा विकून, बायकोचे डोरले मोडून, भिशी उचलून खोली घेतो. महापालिका घरपट्टी घेते. वीज कंपनी मीटर देते. पुढारी मत घेतो. घेताना सगळे कायदेशीर आणि राहताना आपण बेकायदेशीर! नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानं पाडल्या. २०२५ च्या सुरुवातीला ते काम पुरं झालं. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. ती जागा कशासाठी राखीव होती? सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी. इतक्या इमारती काही एका रात्रीत उगवल्या नाहीत. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला चार मजल्यांची बेकायदा इमारत कोसळली, १७ जीव गेले. इमारतीचं नाव रमाबाई अपार्टमेंट. आपल्या आईचं नाव दिलं आणि आपल्याच माणसांचं थडगं बांधलं.

सांडपाण्याचं बोललं की सुशिक्षितांना शिंका येतात. पण आपल्याला बोलावंच लागेल, कारण त्यात आपण मरतो. ९ एप्रिल २०२४ ला विरारच्या ग्लोबल सिटीत मैला शुद्ध करणाऱ्या खासगी प्रकल्पाच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. माणसाला मैल्यात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे. पुन्हा कागद! आणि टाकीच्या बाहेर काय? शहराचा कितीतरी मैला शुद्ध न होताच नाल्यातून खाडीत जातो, कोळणीची मासळी मारतो. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ आहे. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत पसरतं, ऊन आणि शेवाळ त्याला निवळतात, त्यावर मासे पोसतात, भाजी पिकते, हजारो कष्टकऱ्यांची चूल पेटते. २००२ पासून ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली आहे. कामगारांनी, मच्छीमारांनी आपल्या डोक्यानं उभी केलेली ही व्यवस्था. ध्रुवज्योती घोष नावाच्या इंजिनियरनं ती जगाला दाखवून दिली. तळ्याभोवती पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजं आणि पुढाऱ्याच्या नावाची कमान म्हणजे 'सुशोभीकरण', असं समजणाऱ्या आपल्या नगरसेवकांना कुणीतरी कोलकात्याचं तिकीट काढून द्या.

एक अवघड गोष्ट राहिली. ती चोरून ठेवली तर हे पान फाडून टाकायच्या लायकीचं ठरेल. पाण्याला जागा द्यायची तर काही ठिकाणी घरं हलवावी लागतील. नाल्याच्या पोटात, खाडीच्या तोंडात राहणारी आपली माणसं तिथं सुखात नाहीत. त्यांना तिथंच ठेवा म्हणणं हा लढा नव्हे, आपल्या लेकरांना पाण्यात ठेवणं आहे. पण हलवायचं कुणी आधी, कुठं, कुणाच्या खर्चानं? ह्याचं उत्तर मिळेपर्यंत एक वीट हलू द्यायची नाही. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं म्हणायची हिंमत आपल्यात पाहिजे.

म्हणून आमचं म्हणणं असं :

१. अजून मोकळी असलेली मिठागरं, खाजणं, तळी, बावखलं विकास आराखड्यात पाण्यासाठी राखीव करा. धारण तलावांची जागा आधी ह्या मोकळ्या जमिनीतून घ्या. गरिबाची चाळ ही पहिली बळी नको.

२. जिथं घर हलवल्यावाचून इलाज नाही तिथं आधी पक्कं घर, त्याच प्रभागात किंवा लगत, कोरड्या जमिनीवर. भाडेकरूलासुद्धा. पुनर्वसनाच्या नावाखाली एकही माणूस मिठागरात नेता कामा नये.

३. राखीव जागा विकणारा बिल्डर, सही करणारा अधिकारी आणि पाठीशी घालणारा पुढारी ह्यांच्याकडून भरपाई वसूल करा. घेणाऱ्याचं घर पाडून विकणाऱ्याचा बंगला उभा राहतो, ह्याला न्याय म्हणत नाहीत.

४. रेल्वे आणि महामार्गाखालच्या मोऱ्या रुंद करा. त्यांची तोंडं बुजवणारा भराव काढा.

५. तळी, तिवरं, नाले राखायचं काम ठेकेदाराला देऊ नका. ती महापालिकेची कायम नोकरी पाहिजे, पगार, बूट, विमा सगळं धरून. गाळ काढायचं काम आपलं आणि फोटो काढायचं काम त्यांचं, हे चालणार नाही. मैल्यात माणूस उतरणं बंद म्हणजे बंद.

६. पाणी साचणाऱ्या जागांचा नकाशा मराठीत छापून प्रत्येक वस्तीत लावा. खोली घेणाऱ्याला पैसे मोजायच्या आधी कळू द्या की तो घर घेतोय की तळं.

जुन्या विकास आराखड्याची मुदत २०२१ लाच संपली. २०२० नंतर काही वर्षं तर निवडून आलेलं कुणी महापालिकेत नव्हतं, प्रशासकाचं राज्य होतं. आराखडा नवा असो की त्यात फेरबदल असो, १९६६ च्या नगररचना कायद्यानं तो छापून हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. ती जाहिरात पेपरच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत येते. बिल्डरचा माणूस ती आधी वाचतो. ह्यापुढं आपण वाचायची. मोर्चा काढणं आपल्याला येतं. आता नकाशा वाचणंही शिकलं पाहिजे. सर्व्हे नंबर, आरक्षण, पूररेषा हे शब्द आपल्या पोरांच्या तोंडी कवितेसारखे बसले पाहिजेत. प्रत्येक वस्तीत दोन पोरं, दोन पोरी एवढं जमलं पाहिजे : पावसात पाणी कुठवर आलं त्याची खूण भिंतीवर करायची, तारीख लिहायची, फोटो काढायचा. भरतीची वेळ बाजूला टिपायची. पाच पावसाळ्यांच्या अशा खुणा घेऊन महापालिकेत गेलो तर कुठला साहेब म्हणतो बघू की इथं पाणी येत नाही!

ज्या मातीवर आपण हे बोलतोय ती माती आपली ओळखीची आहे. सोपाऱ्याच्या स्तूपावर १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलं. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथं भाटेला तळ्याजवळ सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ ला भुईगावात मिळाला. १९५६! ज्या वर्षी आपण दीक्षा घेतली ते वर्ष. त्या नवव्या लेखात राजा सांगतो की लोक नाना मंगलविधी करतात, पण खरा मंगलविधी म्हणजे धम्म, आणि त्यात पहिली गोष्ट, दासांशी आणि मजुरांशी नीट वागणं. ह्याच अशोकाच्या दुसऱ्या लेखात वाटेवर विहिरी खणल्याचं आणि झाडं लावल्याचं लिहिलंय, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. मजूर, विहीर आणि झाड एकाच राजाच्या लेखांत एकत्र नांदतात. त्यांची ताटातूट करून एकाला पर्यावरण आणि दुसऱ्याला अतिक्रमण म्हणणारी व्यवस्था आपली नव्हे.

तेव्हा दोस्तांनो, झाडंबिडं म्हणून नाक मुरडणं सोडा. तळं मागा. तिवर मागा. कोरडं घर मागा. एकाच अर्जात मागा आणि अर्ज पोचवायला हजारोंनी जा. महाडला तसेच गेलो होतो.

जयभीम.